उठताना बटण शून्यावर

मंगळवार, ६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. पाकीट बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. भावोजींना नमस्कार सांग. पोटातल्या मंडळींनाही सांग, त्यांना अजून वाचता येत नसलं तरी.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मध्येच प्रश्न विचारतेस, मग मी गडबडतो आणि भलतंच बोलून बसतो. कागदावर निदान खोडता येतं. हे पत्र आधी कच्चं लिहिलं, मग पक्कं उतरवलं. तरीही ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं असेल तर लाल गोल करून ठेव. माझी शाळा मध्येच सुटली, तुझी मास्तरकी काही सुटलेली नाही.

बातमी अशी की तुझा कॉलेजचा संगणक माळ्यावरून खाली काढला आहे. धूळ झटकली, पंख्यात तेलाचा थेंब सोडला आणि चालू केला. चालू झाला! पण ताई, काय तो वेग. बटण दाबावं, आंघोळ उरकावी, कपडे वाळत घालावेत आणि यावं, तरी तो आपला ‘स्वागत आहे’ म्हणतच बसलेला. एक अक्षर टाइप केलं की ते पडद्यावर यायला पाव्हण्यासारखे आढेवेढे घेतं. दुकानात मालकांना सांगितलं तर म्हणाले, ‘‘अरे, मिक्सर आणि पंखे दुरुस्त करता करता तू आता मढी उठवायला लागलास काय?’’

मी म्हणालो, मढं नाही ते. मरतुकड्या घोड्यावर हत्तीची अंबारी चढवली आहे, एवढंच. अंबारी उतरवली की घोडा चालेल.

म्हणजे असं, की त्यात जी सिस्टिम आहे ती या यंत्राला झेपत नाही. पण अशा जुन्या यंत्रांसाठी हलक्या सिस्टिम मिळतात, फुकट. ती पेनड्राइव्हवर उतरवायची, संगणक पेनड्राइव्हवरून चालू करायचा, चालवून बघायची आणि पटली तर आत कायमची बसवायची. मी सगळं वाचून काढलं आहे, आणि तुला ठाऊक आहे मी कसा वाचतो ते. घाबरलेलो नाही. आश्चर्य वाटेल तुला, पण खरंच नाही.

एकच अडचण आहे. बसवताना आतलं सगळं पुसलं जातं. म्हणून तुझे फोटो, निबंध आणि ‘खाजगी’ नावाचं ते फोल्डर (उघडलेलं नाही, तुझी शपथ) दोन पेनड्राइव्हवर काढून घेतलं आहे. एक घरी आणि एक दुकानाच्या खणात. घराला आग लागली तर असावा म्हणून.

स्पीकर म्हणून आईच्या केबिनमधला तो जुना खोका जोडला आहे. बसस्थानकात आईच्या जागी मशीनच्या घोषणा सुरू झाल्या तेव्हा तो भंगारात निघाला होता, आईने मागून आणलेला. त्याच्या आवाजाच्या बटणाची टोपी हरवली आहे, नुसती गुळगुळीत दांडी उरली आहे, पण आवाज अजून खणखणीत. तुला आठवतं का, शाळा सुटली की आपण तिच्या टेबलाखाली जाऊन बसायचो, आणि घोषणा चालू असताना तू मला खोकलाही गिळायला लावायचीस? आणि तिच्या आधीच्या बाईंची ती गोष्ट? बटण खाली न करता उठल्या आणि साहेबांच्या टकलाबद्दल त्यांचं जे मत होतं ते सगळ्या फलाटांनी ऐकलं. तेव्हापासून आईचा नियम होता, उठताना बटण शून्यावर.

आईबद्दल विचारलं आहेस. तिचा घसा अजून बसलेलाच आहे, म्हणून ती फोनवर येत नाही. तू म्हणतेस तसा अबोला वगैरे काही नाही. तू इतक्या लांबची नोकरी धरलीस तेव्हा ती रागावली होती, हे मी नाकारत नाही. पण जिने जन्मभर अख्ख्या स्थानकाशी बोलून घेतलं तिला अबोला झेपेल का, तूच सांग.

थोडा धीर धर. संगणकाचं एवढं काम होऊ दे, मग आई तुझ्याशी बोलेल. या दोन गोष्टींचा संबंध काय, ते मात्र विचारू नकोस.

पाय वर करून बसत जा.

तुझा
काट्या


सोमवार, १९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, निखाराच होता तो, पाकीट जळालं कसं नाही याचं नवल वाटलं.

‘आई फोनवर येणार नसेल तर बाळ झाल्यावर मी तिला कळवणारही नाही’ असं तू लिहिलं आहेस. असं लिहू नये. तू लिहिलंस, पण मी ते वाचलंच नाही असं धरून चालतो. आईला दाखवलेलं नाही. आणि ‘मी तिथे येऊन बघते’ हे तर डोक्यातूनच काढून टाक. डॉक्टरांनी प्रवास करू नको म्हटलं आहे, आणि तू आलीस तर आई आधी मला सोलेल, मग तुला.

संगणकाचं सांगतो. हे सांगितल्याने तुझा राग जाणार नाही, हे माहीत आहे. तरी वाच, कारण सगळं त्यावरच अडलं आहे.

पहिली फाइल चुकीची निघाली. नव्या यंत्रांसाठीची होती, तुझ्या संगणकाने तोंडच फिरवलं. मग त्याच्या वयाला झेपेल अशी फाइल शोधली. दुसरी गंमत म्हणजे त्याच्या पोटातलं घड्याळाचं सेल संपलेलं. दर वेळी चालू केला की त्याला वाटायचं तू अजून कॉलेजातच आहेस. तारीखच चुकीची म्हटल्यावर इंटरनेटवरचं काही उघडेना. साधं गोल सेल, वजनकाट्यात असतं तसलं. ते बदललं आणि गाडं पुढे सरकलं.

मग तो प्रश्न आला. ‘संपूर्ण डिस्क पुसून टाकायची का?’ माझा हात माउसवर, आणि नजर घरच्या पेनड्राइव्हवर. एरवी मी उठून गॅस तपासून आलो असतो. या वेळी दाबलं. ताई, मी सरळ दाबलं.

चहा गार व्हायच्या आत सिस्टिम बसली. आता बटण दाबून खुर्ची पुढे ओढेपर्यंत पडदा तयार असतो. टाइप करावं तर बोट उठायच्या आधी अक्षर हजर! मालक बघायला आले होते, म्हणाले, ‘‘याला काय पाजलंस? थोडं मलाही दे.’’

आणि आवाजही आला. पहिल्या संध्याकाळी स्वच्छ, खणखणीत आला.

दुसऱ्या संध्याकाळी मुका. सगळी सेटिंग तपासली, ती जिथल्या तिथे होती. पडद्यावर आवाजाची रेघ हलताना दिसते, खोक्याचा लाल दिवा लागलेला असतो, पण बाहेर चकार शब्द नाही. सगळं पुसून पुन्हा बसवलं, तरी मुका. वायर बदलली. दुसरी, त्याहून हलकी सिस्टिम आणून बसवली. तीही मुकी. हल्ली रोज दुकानातून आलो की मी त्याच्या समोर बसतो, पुसतो, बसवतो आणि हात हलवत जेवायला उठतो. घरात त्याला हात लावणारं दुसरं कोणी नाही. आई तर मुद्दाम त्या टेबलाकडे पाठ करून वाटाणे सोलत बसते. काल मात्र मान वळवून बघत होती, आणि हसत होती. मी एवढा कावलो होतो की का हसतेस ते विचारलंही नाही.

‘गाणीच ऐकायची तर फोनवर ऐक’ असं तू लिहिलं आहेस. मला गाणी ऐकायची नाहीत. पण आवाजाशिवाय हा संगणक माझ्या काही कामाचा नाही, आणि मी तो आणल्याशिवाय राहणार नाही. यंत्रात दोष असेल तर तो सापडतोच, दुकानात मी एवढं एक शिकलो आहे. मी शोधीन.

तोवर रागाव, पण फोन बंद करू नकोस.

तुझा
काट्या


गुरुवार, १ मार्च

प्रिय ताई,

आज नमस्कार नंतर. आधी खाली बस. भावोजी घरी असतील तर त्यांना शेजारी बसव आणि मगच पुढे वाच.

आईचा घसा बसलेला नाही. तिच्या घशात गाठ होती. ती काढताना स्वरयंत्रही काढावं लागलं. गाठ पूर्ण निघाली, नंतरच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या आहेत, हे पुन्हा एकदा वाच. आई जेवते, फिरायला जाते, माझ्यावर डोळे वटारते. गळ्याला समोर एक छोटं भोक आहे, त्यातून श्वास घेते, वर रुमाल बांधते. तिचा आवाज मात्र गेला, ताई. पुढेमागे एखादी झडप बसवून थोडं बोलता येईल असं डॉक्टर म्हणतात, पण आपला तो आवाज नाही येणार.

तुझी आनंदाची बातमी आली आणि त्याच आठवड्यात तिचं निदान झालं. तिने माझ्याकडून वचन घेतलं, तेव्हा आवाज होता तिला. म्हणाली, ‘‘पोरीला आत्ता काही कळवायचं नाही. ती धावत येईल आणि वाटेत काहीतरी होऊन बसेल. तिला माझं मी सांगेन.’’ मी विचारलं, ‘‘कसं सांगशील?’’ याचं उत्तर शोधणं मग माझ्याकडे आलं.

पाटी-पेन्सिल आणली, पण फोनवर पाटी दिसत नाही. मोबाइलमध्ये टाइप केलेलं बोलून दाखवणारी सोय आहे, ती दिली. दोन मिनिटं बारीक अक्षरं टिपली आणि पाटीवर लिहिलं, ‘‘एका बोटाने दाणे टिपायला मी काय कोंबडी आहे?’’ बरोबरच होतं तिचं. स्थानकात तिने सगळी वेळापत्रकं दहा बोटांनी बडवली आहेत. तिला कीबोर्डच हवा होता. म्हणून तुझा संगणक खाली काढला.

पण तो जुन्या सिस्टिमवर एवढा रेंगाळायचा की विचारू नकोस. एकदा वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या, आमच्या ओल्या कपड्यांचं पाणी जिन्यात गळतं म्हणून तासभर तोंड वाजवून गेल्या. आईने पहिल्यांदाच त्या यंत्रावर उत्तर टाइप केलं. अक्षरं येता येता काकू वर पोचल्या आणि दारात सिलिंडरवाला उभा राहिला. तेव्हा कुठे खोका बोलला, ‘‘इतकं बोलून तुमचा घसा दुखत नाही का?’’ तो बिचारा म्हणाला, ‘‘बाई, मी अजून तोंडही उघडलेलं नाही.’’

मी हसलो. आई हसली नाही. पाटीवर लिहिलं, ‘‘उशिरा बोलणारं माणूस खुळं ठरतं. आणि ज्या मशीनने माझी खुर्ची घेतली त्याच्या तोंडून मी का बोलू? नको मला.’’ मग टेबलाकडे पाठ करून बसली ती बसलीच.

उशिरा बोलण्यावर माझ्याकडे इलाज होता. खुर्चीवर नव्हता. जो होता तो मी केला, तुला कळवलाच आहे. पहिल्या संध्याकाळी आवाज आला तेव्हा मी तिला म्हणालो, ‘‘बघ, इथे टाइप करायचं आणि ही की दाबायची, लगेच बोलतो.’’ तिने वाटाण्यातून मान वर केली नाही. दुसऱ्या दिवसापासून यंत्र मुकं. मला वाटलं, आपल्या घराला आवाजाची साडेसातीच लागली आहे.

काल दुपारी करंट तपासायचं मीटर घरी राहिलं म्हणून दुकानातून परत आलो. जिन्यातच आवाज ऐकू आला. खणखणीत, बाप्याचा, पत्र्याच्या डब्यातून यावा तसा. आमच्या दारामागून!

‘‘बाळा मी बोलतेय घाबरू नकोस आवाज परका आहे माणूस तेच आहे.’’

मग थोडं थांबून पुन्हा तेच, पण आता ‘बाळा’नंतर श्वास घेतल्यासारखं. पुन्हा एकदा. आता ‘घाबरू नकोस’च्या आधीही विराम. एकेक स्वल्पविराम टाकून आई त्या मशीनला थांबायला शिकवत होती, ताई. स्थानकातल्या घोषणा ऐकून ती नेहमी काय म्हणायची? ‘‘मेल्याला कुठे थांबायचं तेवढं कळत नाही.’’ आता घरात स्वतः त्याची शिकवणी घेत होती.

मी दार ढकललं. तिने मला पाहिलं, चोरी पकडल्यासारखी दचकली आणि उठायला लागली. आणि उठण्याआधी तिचा डावा हात खोक्याकडे गेला, बिनटोपीची ती दांडी डावीकडे पार फिरवली, आणि मग ती उठली. हाताकडे बघितलंसुद्धा नाही तिने.

मी तिथेच उंबऱ्यावर बसलो. गॅस तीनदा तपासणारा मी, सगळी सिस्टिम पुसून पुसून झिजवली, पण त्या दांडीला हात लावून बघायचं मला सुचलं नाही! तिचा तो नियम मीच तुला लिहून कळवला होता, आणि माझ्याच टाळक्यात शिरला नाही. रोज मी दुकानात गेलो की ती बसायची आणि बटण वर करायची. उठताना खाली करायची. बिघाड कुठेच नव्हता.

मी विचारलं, ‘‘आई, तू रोज बसतेस?’’

ती परत बसली, दांडी उजवीकडे फिरवली आणि टाइप केलं. खोका ताबडतोब बोलला, ‘‘तू रोज पुसतोस. मी रोज पुन्हा लिहिते. मला वाटलं, तुझ्या हाताला खाज आहे.’’

‘‘अगं, मला आवाज ऐकू येत नव्हता म्हणून पुसत होतो!’’

‘‘मग विचारायचं. घरात एक अनुभवी बाई बसली आहे.’’

ताई, काय सांगू, किती महिन्यांनी बोलणी खाल्ली. पोट भरलं.

मी म्हटलं, सिस्टिममध्ये बाईचाही आवाज आहे, तो लावू का? लावून दाखवला. तिने ऐकला आणि टाइप केलं, ‘‘ही रडकी आहे. बाप्याच राहू दे. माझा नाही, मग निदान ठणठणीत तरी असावा.’’

एवढ्यात काकू आल्या. विषय तोच, जिन्यातलं पाणी. सुरुवात केली आणि आई टाइप करायला लागली. बोटं अशी चालत होती, ताई, की तुला टेबलाखाली बसल्यासारखं वाटलं असतं. काकूंचं वाक्य संपायच्या आत खोका बोलला, ‘‘लक्ष द्या. वरच्या मजल्याची तक्रार, नेहमीप्रमाणे, वेळेवर येत आहे. प्रवाशांनी, आपापले कान, सांभाळावेत.’’

काकूंनी खोक्याकडे पाहिलं, मग आईकडे. मला वाटलं, झालं, आता भांडण पेटणार. पण त्या म्हणाल्या, ‘‘अगं बाई! तूच गं तू!’’ आणि तिथेच पायरीवर बसून पदराने डोळे पुसायला लागल्या. आईच्या ऑपरेशननंतर रोज येऊन तोंड का वाजवत होत्या, ते मला तेव्हा कळलं: आईने पूर्वीसारखं उलट बोलावं म्हणून.

काकू गेल्यावर आईने मला टेबलाजवळ बोलावलं आणि बोलली. तिचंच वाक्य जसंच्या तसं देतो. ‘‘आता तिला लिही. खरं काय ते सगळं लिही. आधी पत्र मिळू दे, एकदम असा आवाज ऐकला तर घाबरेल. मग मी बोलेन.’’ तुझं मागचं पत्रही मी तिला दिलं, निखाऱ्यासकट. तिने ते दोनदा वाचलं. मग टाइप केलं, ‘‘अशीच रागावत राहा म्हणावं. रागावलेली पोर तब्येतीने बरी असते.’’

लपवलं म्हणून तुला जे बोलायचं ते मला बोल, तिला नको. मी खाली मान घालून ऐकेन. पण पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा हेच करीन, हेही सांगून ठेवतो. तुला काही होऊ द्यायचं नव्हतं, आणि तिला स्वतः बोलायचं होतं. दोन्ही जमलं.

तुझं ‘खाजगी’ फोल्डर परत जागेवर ठेवलं आहे. त्यात काय आहे, असं आईने विचारलं. मी म्हणालो, ते ताईलाच विचार, आता तुझं तुला विचारता येतं.

रविवारी सकाळी फोन कर. फोन आईच उचलेल. उचलल्यावर थोडा वेळ काही ऐकू येणार नाही, नुसता टकटक आवाज येईल, पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा. ती आई आहे, टाइप करतेय. ‘हॅलो, हॅलो’ करू नकोस आणि फोन ठेवू नकोस. लहानपणी मला गिळायला लावायचीस तसा खोकला गिळ आणि थांब.

पुढचं ती सांगेल. काय सांगणार ते मला माहीत आहे, पण मी पुन्हा उंबऱ्यावर बसून ऐकणार आहे.

भावोजींना नमस्कार. बाळाला आजीचा निरोप: गाडी वेळेवर यावी, फलाट मोकळा आहे.

बटण वर आहे. आत्ताच उठून बघून आलो.

तुझा
काट्या